वीतभर गोलाई

भिंत संपते तिथे छत लगेच सुरू होत नाही.
मधे एक पन्हळ असते, पालथी,
तिच्यातून पाणी नाही, सावली वाहते.
मर्डोने पहिल्याच दिवशी मला शिडीवर चढवलं,
माझा पंजा धरून कॉर्निसच्या पोटावरून फिरवला,
गाभण मेंढीच्या पोटावरून फिरवावा तसा.
तो बेटांवरचा. त्याला दुसरी उपमा येत नाही.

ग्लासगो. लाल दगडाची इमारत, तिसरा मजला.
दिवाणखान्याच्या मधोमध एकाहत्तर सालापासून भिंत,
सेंगा या अंगाला, युना त्या अंगाला.
एकेक खिडकी. शेकोटी युनाकडे गेली,
म्हणून दाराची पितळी मूठ सेंगाकडे.
छतावरच्या फुलाच्या पाकळ्या सोळा;
सुताराला बजावून सांगितलं होतं, मोजून घे.
आठ. आठ.

भांडण आईच्या पियानोवरून, असं जिन्यातले म्हणतात.
सेंगा म्हणते, पियानो नव्हताच.

फेब्रुवारीत युना गेली.
मार्चमध्ये भिंत पडली, अर्ध्या दिवसात,
उभी राहायला बहुतेक तेवढाच वेळ लागला असणार.
आणि वर, कॉर्निसला, दोन्हीकडे
वीतभर जागा उघडी,
आतल्या पट्ट्या दिसताहेत, दात पडल्यासारखी.

मर्डोने दोन्ही टोकांचे आकार कागदावर उतरवले,
एकावर एक ठेवून खिडकीशी धरले.
जुळेनात.
युना दर दुसऱ्या वर्षी रंग काढायची:
मलई, पिस्ता, एकदा चक्क गुलाबी.
थरावर थर. पानं गलेलठ्ठ झालेली, शिरा बुजलेल्या,
गोलाईची सुजून उशी झालेली.
सेंगाने ब्रश लावलाच नाही.
तिच्याकडे काजळी, कोळ्यांचे संसार,
आणि पानांच्या कडा अशा की बोट कापावं.

"युनाबाईंचा रंग खरवडून काढू," मर्डो म्हणाला,
"आठवडा जाईल."
"नको."
"मग तुमच्या बाजूला थर चढवू?"
"नको."
"मग जुळायचं कसं?"
"ते मला विचारू नका. मला येत असतं तर
तुम्हाला बोलावलं असतं का?"

जस्ताच्या साच्याला एकच आकार ठाऊक असतो.
तो पट्टीवरून सरकतो, ओला गिलावा कापत जातो,
पहिल्या इंचाला जसा, तसाच शेवटच्या इंचाला.
लठ्ठापासून सडपातळापर्यंत जाणं त्याच्या बापाला जमणार नाही.
मर्डोने साचा गोणपाटात गुंडाळला
आणि लहान थापी माझ्याकडे दिली.
त्याचे हात आता थरथरतात. हे आम्ही बोलत नाही.

प्लॅस्टर वीस मिनिटं थांबतं.
आधी दही, मग लोणी, मग खडू,
मग ते कुणाचंच ऐकत नाही.
मी युनाच्या टोकाकडून निघाले.
फुगलेल्या कडेला धरून, किंचित उतरत,
नखाएवढं, मग नखाच्या चंद्राएवढं,
एका पानाची शीर अर्ध्यात उमटू दिली,
पुढच्याची पूर्ण.
मान मोडून आली, डोळ्यांत चुना,
खालून मर्डो मिनिटं मोजतोय गेलिकमधून,
आणि मी कुठल्या बहिणीकडे आहे
ते मधे कधीतरी कळेनासं झालं.

संध्याकाळी सेंगाने दिवे मालवले.
टॉर्च मागवली. भिंतीला चिकटवून आडवा झोत सोडला,
आमच्या धंद्यात याला चावडीवर उभं करणं म्हणता येईल;
आडव्या उजेडात कुणाचीच चूक लपत नाही.
सावली युनाकडून आली, सांध्यावर जरा अडखळली,
सेंगाकडे गेली.

"दिसतंय," ती म्हणाली.
मर्डो घसा खाकरला. घासून देऊ, म्हणाला, उद्या सकाळी.
ती टॉर्च तशीच धरून. ऐंशी वर्षांचा हात, पण स्थिर.

"दिसू दे की."

मग खुर्ची ओढून शेकोटीपाशी बसली,
कोट न काढता,
पाहुण्यासारखी.