तिसऱ्या रांगेतला खोकला

कर्णिकांच्या माहीमच्या फ्लॅटमध्ये
खुर्ची एकच, फरशीवर खडूने खुणा करून ठेवलेली.
स्पीकर दोन, माणसाच्या उंचीचे;
त्यांच्यापायी बायकोचं कपाट गॅलरीत गेलं.

मी लॅमिंग्टन रोडचा, सोल्डरिंगवाला.
वायर बदलायला जातो, चहा पिऊन येतो.
दर वेळी तीच तबकडी, गिरगावातली जुनी मैफल.
आलाप जरा कुठे उमलतो
की कर्णिक बोट वर करतात, “आता.”
कोणीतरी खोकतं.
सुई उचलतात. पुन्हा मागे.

एकदा विचारलं, राग कोणता हो?
“असेल एखादा संध्याकाळचा.
तिसरी रांग, डावीकडे. ऐकलंस?
अण्णा बसले होते तिथे.
त्यांचा आवाज दुसरा कुठेच नाही.”

तेव्हा कळलं,
पीएफचे साडेचार लाख कशात गेले.

गेल्या महिन्यात जपानहून नवी सुई आली.
मीच बसवली, श्वास धरून.
पंखा बंद. फ्रिजसुद्धा.
खोकला इतका जवळ आला
की मी जरा बाजूला सरकलो.
आणि पाठोपाठ,
तोंडाकडे हात नेताना वाजाव्यात तशा
काचेच्या बांगड्या.

कर्णिक उठले नाहीत.
खाली कॅडल रोडला बस थांबली, सुटली.
तबकडी फिरत राहिली.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
द्रुत ऐकली मी तिच्यातली.
काय गायलेत बुवा!

बाजू संपली. सुई खरखरत होती.
“जुनी,” ते म्हणाले,
“टाकली नाहीस ना?”