मोकळं किती

बाहेर उणे चोवीस.
आत, पाण्याच्या टाकीत, सदतीस,
एका माणसाच्या अंगाएवढी ऊब.
ओउलूच्या इस्पितळाच्या तळघरात
रायला युन्तुनेन पडदा भिजत घालते,
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.
पडद्याच्या अलीकडे उर्पो लाम्साचं रक्तद्रव,
पलीकडे नुसतं खारं पाणी, कोणाचंच नसलेलं.

टेस्टोस्टेरॉन रक्तात एकटं हिंडत नाही,
ती नव्या पोराला सांगते.
निम्मंशिम्मं ग्लोब्युलिनच्या घट्ट मिठीत,
उरलेलं अल्ब्युमिनच्या बोटाला धरून,
सुटेल सुटेल असं;
शंभरातलं दोनच, कधी तेवढंही नाही,
खरोखर मोकळं.
पडद्यातून तेच जाईल.
बाकीचं आपापल्या थोराड सोबत्यांसह
दाराशीच थांबेल.

आर्त्तूला घाई. वरच्या मजल्यावरचं यंत्र
दोन तासांत आकडा देतं की!
देतं ना. उर्पोला दिलाच होता, पानगळीत:
एकतीस.
अठ्ठावन्न वर्षांचा, बर्फ ढकलणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर,
एकतीस वाचून घरी गेला
आणि सॉना तापवायचं सोडून दिलं.
बायकोने विचारलं, लाकडं ओली आहेत का?
तो म्हणाला, हो.
लाकडं कोरडी होती.

मग डॉक्टरीणबाईंनी गणित मांडलं.
एकूण किती, ग्लोब्युलिन किती, अल्ब्युमिन...
ते मोजलंच नव्हतं; सगळ्यांचं असतं तेवढं धरलं.
दोनशे चौदा.
समीकरण चांगलं आहे, रायला म्हणते,
निदान खोटं बोलायला ते लाजतं.
पण मिठी किती घट्ट, हा आकडा
कुणाच्या तरी जुन्या प्रयोगातून उचललेला;
दुसऱ्याचा घेतला की उत्तर सरकतं.
अंदाजपंचे नव्हे,
पण नकाशावर बोट ठेवून
नदीचं पाणी किती गार ते सांगावं, तसं.

एकाच सकाळचं, एकाच दंडातलं रक्त.
उरलेलं थोडं गोठवून ठेवलं होतं, ते हे.

आता सोळा तास काही करायचं नाही.
म्हणजे पारा बघायचा.
अर्धा अंश वर गेला
तर मिठ्या सैल पडतात, मोकळं जास्त दिसतं;
रक्त पातळ केलं तर तेही बोलतं.
एवढी सरळ पद्धत, आणि तिलाही सांभाळून घ्यावं लागतं
म्हाताऱ्या सासऱ्यासारखं.

कॉफी ओतताना रायला सांगून टाकते
जे सांगायचं नव्हतं.
वरचं ते यंत्र यायच्या आधी त्याचा थोरला भाऊ होता,
त्यावर मी बसायचे. अकरा वर्षं.
दिवसाला चाळीस नळ्या, प्रत्येक कागदावर माझी सही.
आपल्या खुणेचा रेणू घालायचा,
आणि तो मोकळ्याशीच खेळतोय असं समजायचं.
तो बांधलेल्यांशीही लगट करत होता.
आम्हाला माहीत होतं.
म्हणजे, माहीत होत गेलं.

आर्त्तू हिशेब करू बघतो, दिवसाला चाळीस,
वर्षाचे दिवस, अकरा वर्षं,
आणि मध्येच सोडून देतो.
ती कपाच्या तळाशी बघत राहते.
किती जणांनी म्हटलं असेल, लाकडं ओली आहेत.

सकाळ होते, म्हणजे घड्याळात होते.
खारं पाणी बाहेर काढून ती मोजायला लावते.
दोनशे बासष्ट. अधिक-उणे सतरा.
त्याच्या वयाला पुष्कळ.
ती आकडा भरते. दोन. सहा. दोन.
अधिक-उणे लिहायला त्या चौकटीत जागाच नाही.
एकदा लिहून बघते; पडदा लाल होतो, नको म्हणतो.
ती खोडते.

मग तळघराच्या खिडकीवर, अर्ध्या बर्फाच्या वर,
नारिंगी दिवा फिरत जातो,
लोखंडाचं पातं रस्ता खरवडतं.
आर्त्तू विचारतो, तोच असेल?
या शहरात असे साठ ट्रक आहेत, ती म्हणते.
आणि तरी
आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत
हात कळफलकावरून उचलून धरते.