वाव

स्टोअरची खिडकी माझ्याकडे होती, ग्रीनॉकच्या गोदीत,
एकोणतीस वर्षं.
मॉरव्हेन गॅल्ब्रेथ आली त्या सकाळी
इंजिनिअरचा बिल्ला नवा कोरा होता तिचा.
हातमोजे मागितले. मी दिले.
मोठे. आमच्याकडे मोठेच असत.
लहान मागवायचे तर दोन डझन घ्यावे लागतात, म्हटलं,
आणि तुम्ही एकट्या.

मनगटांना सुतळी बांधून
चौदा वर्षं तिने शाफ्ट तपासले.
पोरं हसायची. मीही.
खोटं कशाला बोलू, सुतळी मीच द्यायचो,
वहीत नोंद करून : गॅल्ब्रेथ, सुतळी, दोन हात.

तपासणीच्या फॉर्मची मागची बाजू कोरी असते.
तिथे ती लिहायची, जेवणाच्या सुट्टीत.
एके दिवशी बिल्ला खिडकीत ठेवला,
पावती घेतली, गेली.

पुढे पुस्तक आलं. लायब्ररीतून आणलं,
सुतळी आहे का बघायला.
पान एक्केचाळीस. 'खिडकीतला माणूस', एवढंच.
नाव असतं तर बरं झालं असतं,
भांडता तरी आलं असतं.

मार्चमध्ये तिचं भाषण होतं. मी मागे उभा.
म्हातारा फोरमन ड्युगल उठला :
म्हणजे आता दर्जा खाली आणायचा का आम्ही?
तिने पिशवीतून बेअरिंग काढलं,
शाफ्ट आत सरकवला, बोटाने फिरवला.
"यात वाव किती ठेवायचास, ड्युगल?"
"केसाएवढा."
"नाही ठेवला तर?"
"तापेल. अडकेल."
"मग ती काय शाफ्टवर दया करत होतास?"
हॉल हसला.

तेवढ्यात दाराबाहेरून हाक आली.
चाकांच्या खुर्चीत एक बाई,
तीन पायऱ्यांच्या खाली,
अर्धा तास क्लाइडवरचा वारा खात.
"वाव छान चाललाय तुमचा," ती म्हणाली,
"इथवर ऐकू येत नाही."

मॉरव्हेनने खिशातून टेप काढली,
पायरीपाशी गुडघे टेकले,
उंची मोजून आकडा मोठ्याने वाचला,
आपल्याच कामावर शेरा मारावा तसा.
उरलेलं भाषण फुटपाथवर झालं.
निम्मे लोक गेले.

मी थांबलो. कोटाच्या खिशात एक जोड होता, लहान,
ती गेल्यावर मागवलेल्या दोन डझनांतला.
तेवीस अजून घरी आहेत.
दिला नाही.
तिच्या हाताचं माप
मी कधी विचारलंच नव्हतं.