पिशवीचे वेगळे पैसे

आधी नाण्यांचं सांगते, शर्वाणी.
बसच्या पोटात सामान टाकलंस
की ड्रायव्हर हात पुढे करेल. तिकीट वेगळं, पिशवी वेगळी.
नोट देऊ नकोस. तो नोटेकडे असा बघतो,
जसा तू त्याला अख्खा बैल दिलायस
आणि उरलेलं वासरू परत मागतेयस.

व्हिसा पुन्हा आत येण्याचाही घे.
हंगेरी सोडणं सोपं असतं.

सेगेदला, तिसा नदीच्या काठी
माशांचं लालभडक सूप मागवलं मी, एकटीने, किटलीभर.
वाढपी आला आणि समोरची खुर्ची उचलून घेऊन गेला.
पोटात खड्डा पडला माझ्या.
पलीकडच्या टेबलाला हवी होती. एवढंच.
पहिल्या आठवड्यात अशा चार-पाच खुर्च्या लागतात मनाला,
नंतर आपणच उचलून देतो.

सीमेवर बस थांबते तेव्हा रात्रीचे दोन.
कंडक्टर सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करून नेतो, पत्त्यांच्या कॅटासारखे.
परत येतो, नावं पुकारतो:
मिलोराद. इलोना. आणखी एक मिलोराद.
मग थांबतो, ओठ हलवून बघतो.
अख्खी बस मागे वळते.
तो आपला. घाईने मदत करू नकोस त्याला.
आपल्याकडे ज्याची जोस्ना होते ते माझं नाव
त्याने एका दमात म्हटलं, ज्योत्स्ना,
एकही अक्षर न सांडता.
जोडाक्षरांना तिथे कुणी भीत नाही.

बसची खिडकी मात्र उघडू नकोस.
झुळूक मानेत शिरते आणि माणूस आजारी पडतो,
कदाचित मरतोही,
अशी बेलग्रेडपासून स्कोप्येपर्यंत सगळ्यांची खात्री आहे.
देवावर, लिपीवर, कुठला डोंगर कुणाचा यावर
एकमत नाही. झुळुकीवर आहे.

सारायेवोत फिक्रेताबाईंकडे उतर.
गल्ली इतकी चढाची की दुधाची पिशवी वर नेईपर्यंत
दही होईल म्हणतात त्या.
दारात चपला काढ, मांडणीवरची सपाता घाल.
सकाळी तांब्याच्या भांड्यातली कॉफी,
तिला घाई चालत नाही.
आणि मग हा खेळ आपोआप सुरू होतो:
त्या बोट दाखवून म्हणतात सापून, मी म्हणते साबण.
दुचान. दुकान.
बादेम. बदाम.
शेचेर. साखर.
टाळ्या देत होतो आम्ही. गंमत वाटत होती,
कुठल्या कुठे गेलेले शब्द, वाटेत कुणाकुणाच्या घरी राहिलेले.
आणि मी, वर्गात पहिला हात वर करणाऱ्या पोरीसारखी,
म्हटलं: दुश्मन?

त्या म्हणाल्या, हो. तोही.

उठल्या. दारापाशी गेल्या.
मांडणीवर पुरुषी सपातांचा एक जोड होता,
खालच्या खणात, तपकिरी, मला न दिलेला.
तो त्यांनी सरळ केला. सरळच होता.
मग परत येऊन विचारलं, अजून कॉफी?

सारखे शब्द सापडायला लागले
की कुठे थांबायचं ते आधी ठरवून ठेव.
हे कुठल्या नकाशात नसतं
म्हणून लिहितेय.

बाकी किरकोळ. अल्बेनियात
मान हलली म्हणजे होकार असं धरून चालू नकोस,
श्कोदरला एका बेस्निकने नाही-नाही करत
मला स्टँडपर्यंत सोडलं.
टपालाची तिकिटं बुडापेस्टलाच घे.
माझ्याकडे उरलेले मार्क, दिनार, लेक पाकिटात घालून देते,
देशाप्रमाणे लावलेले नाहीत,
ड्रायव्हरसमोर तळहात उघड,
तो हवं तेवढं उचलेल. फसवत नाहीत.

आणि पायमोजे जास्त ने.
घराघरात चपला काढाव्या लागतात
आणि तुझ्या उजव्या अंगठ्याला
कायम भोक असतं.