कर्ता

कल्लाप्पा सांगत होता, मी जबाब लिहीत होते.
हुपरीची चांदीभट्टी, भागीदार भूपाल, दोघांत मिळून एक गाडी.
"म्या म्हटलं, च्या पिऊया. म्या पैसं दिलं.
म्याच किक मारली."
दसरा चौकापर्यंत प्रत्येक वाक्यात म्या,
पायात घुटमळणाऱ्या कुत्र्यागत.

मग पंचगंगेकाठची खोली आली
आणि गडी एकदम पुस्तकातलं बोलायला लागला:
"तिथे थांबण्यात आले.
पिशवी उघडली. चांदी मोजली.
नंतर कुलूप लावले, किल्ली टाकली."

कुणी?

आपल्या भाषेत ही सोय आहे.
किल्ली टाकली म्हटलं
की क्रियापद किल्लीच्या मागं जातं,
टाकणाऱ्याचं पाऊलसुद्धा उमटत नाही.

साहेबांनी विचारलं, भूपाल माणूस कसा?
"लई चांगला होता."
बेपत्ता होऊन चारच दिवस झालेत.
साहेबांनी माझ्याकडं बघितलं.
पण माझी आईही माहेराबद्दल 'होतं' असंच म्हणते,
आणि ते गाव अजून तिथंच आहे, कागलच्या पुढं.

पहाटे वाचून दाखवलं:
समक्ष विचारल्यावरून सांगतो की,
मी कुलूप लावले, मी किल्ली...
सहीला वाकलेला हात थांबला.
"बाई, ह्यो 'मी' म्या कुठं म्हटला?"

खरंच. नव्हता म्हटला.
सोळा वर्षांच्या सवयीनं
तो माझ्याच पेनातून आला होता.

खोडला. खाडाखोडीशेजारी त्याची सही घेतली.
रेघेखाली तो अक्षर
अजून वाचता येत होतं.