उजवीकडे वळलेली चाकं

खोक्यावरची गाडी लाल होती, नंबर बारा.
रुझार म्हणाला, ही नव्हे.
मी बघितली ती निळी. पण दार पांढरं,
दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचं काढून बसवलेलं.
नंबर सत्तेचाळीस. त्यातला सात जरा तिरका.

म्हापशात माझं दातांचं काम.
डॉक्टर मापं पाठवतात, मी कवळ्या करते.
रुझारची खालची कवळी तीनदा घासून दिली,
चौथ्यांदा आला तो हे खोकं काखेत घेऊन.
तारवटीपण संपल्यापासून पेटीच्या तळाशी होतं.
"म्हजे हात पळय," म्हणाला,
आणि हात टेबलाच्या काचेवर ठेवले.
काच वाजत राहिली.

कुठल्याशा बंदरात एका रात्री
इंजिनखोलीतल्या दोघांबरोबर तो बसने गेला होता,
जिथे जुन्या गाड्या कापून, ठोकून, काचा काढून
मातीच्या रिंगणात पळवतात.
त्या देशाचं दुसरं काही त्याला आठवत नाही.

चौकटीतून एकेक भाग सोडवला.
प्लास्टिक पिवळट, ठिसूळ, माझ्या ओळखीचं;
जुनी कवळी अशीच होते.
मेणाच्या सुरीने शिवणी खरवडल्या.
आतला पिंजरा फार जाड वाटला, टाकून दिला,
दात सरळ करायची तार वाकवून
नवा केला, सांध्यांना डाख दिला.
चिकटवायचे आकडे पाण्यात सोडले
तर बारा नंबर बशीभर झाला,
मुंग्यांच्या पायांसारखा. बरंच झालं.
सत्तेचाळीस मी हाताने काढला,
ज्या कुंचल्याने खोट्या दातांवर
तंबाखूची पिवळी छटा देते त्याने.
(फार पांढरे कुणाला नको असतात.)

निळा रंग तीनदा दुधाळला.
सांजांवाला विहिरीत उड्या मारलेले
कधीच सुकले, टपावरचा रंग सुकेना.
शेवटी भट्टीशेजारी ठेवली गाडी,
दोन वरच्या, एक खालची, आणि ती.

रुझार रोज संध्याकाळी चुका काढायला यायचा.
पोचा दाराला नाही, पुढे. अजून आत.
मी सुरी तापवून पत्रा, म्हणजे प्लास्टिक, आत ढकललं.
"हां," म्हणाला तो,
दुखऱ्या दातावर नेमकं बोट पडल्यावर
माणूस म्हणतो तसं.

माती अस्नोड्याच्या रस्त्याची आणली,
वाळवली, साडीच्या तुकड्यातून चाळली.
त्याने चिमूट हुंगली.
"थंयची काळी आशिल्ली."
मग बराच वेळ गेला.
"रावूं दी," म्हणाला, "हीच लाय."

राहिली पुढची चाकं. मी सरळ बसवत होते.
"उजवे वटेन, बाय."
अरे, पण गाड्या डावीकडे वळायच्या ना? तूच म्हणालास.
"डावीकडेच. रातभर डावीकडे.
आणि चाकां उजवे वटेन."
म्हातारा गोंधळला, असं धरून
तो म्हणाला तशीच चिकटवली.
पैशांचं तो बोलला नाही, मीही नाही.
कवळी अजून लागतेच आहे त्याला.

गुरुवारी करासवाड्याच्या वळणावर
कुणा टिपरची सांडलेली माती, वर पाऊस.
मी डावीकडे वळत होते,
स्कूटरचं मागचं चाक उजवीकडे निघालं,
आणि माझ्या हातांनी, मला न विचारता,
हँडल उजवीकडे नेलं.
तेवढा वेळ मी पडत होते आणि पडत नव्हते,
एकीकडे तोंड करून दुसरीकडे जात होते,
आणि रस्ता परत हाताला लागला.

कडेला थांबले. पिशवी उघडली.
ओल्या कापसात दोन्ही कवळ्या शाबूत.
चिखल घोट्यापर्यंत. तांबडा.

कोण जिंकलं, हे मी त्याला पहिल्याच दिवशी विचारलं होतं.
ठाऊक नाही, म्हणाला.
बोटीकडे जाणारी शेवटची बस लागली होती,
आणि अकरा फेऱ्या बाकी होत्या.