परिच्छेद चौदा

निकाल रद्द झाला आणि फाईल परत आली
माझ्याच टेबलावर. शिवाजीनगर, दुसरा मजला.
वरच्या कोर्टाने ठपका ठेवला नाही,
'नव्याने ऐकावे' एवढंच म्हटलं, आणि
'पूर्वीच्या निरीक्षणांनी प्रभावित न होता'.
निरीक्षणं माझीच.

यशोदा भिंगारदिवे, प्रयोगशाळा परिचर, हडपसर.
कपाटातून सिल्व्हर नायट्रेटच्या सहा बाटल्या गेल्या.
मी तेव्हा लिहिलं होतं, परिच्छेद चौदा:
'अर्जदाराच्या बोटांवरचे काळे डाग पुरेसे बोलके आहेत.'
वाक्य मला आवडलं होतं.
घरी जेवताना म्हणूनही दाखवलं होतं.

टेकडीवर सकाळी परचुरे भेटतात.
'अहो, तुम्ही तेव्हाच ओळखलंत बाईला.'
मी नुसता घाम पुसतो.
नाही म्हणायला हवं होतं. चढ होता.

चंदनशिवे, आमचा स्टेनो, विचारतो,
'साहेब, जुनाच निकाल उघडू? नाव-गाव आयतं मिळेल.'
नको म्हणालो, कोरं पान घे.
त्याने घेतलं.
त्याला जमतं ते.

वकिलांना भर कोर्टात विचारलं,
'माझ्यापुढे चालवायला हरकत?'
दोघेही म्हणाले, 'छे छे, साहेब.'
पुण्यात हरकत अशीच घेतात.

मग बाईंनाच विचारलं.
वकील खुणावत होता, तिकडे त्यांनी पाहिलं नाही.
'मागल्या बारीला तुम्ही माझ्या हातांकडंच बघत होता.
बाटल्या रोज मीच धुवायचे,
डाग पडणारच की.
पण ते कुणी विचारलंच नाही.'
हात या वेळी पदराखाली होते.

काल पुस्तक काढून वाचलं:
तो डाग धुऊन निघत नाही, पण
आठ-दहा दिवसांत कातडी झडते, नवी येते.
चार वर्षांपूर्वीही हे पुस्तक
त्याच कपाटात होतं.

रोजनाम्यात लिहून दिलं:
प्रकरण माझ्याखेरीज अन्य सदस्यापुढे ठेवावे.
कारण? चंदनशिवेने मान वर केली.
कारण नको लिहूस, म्हणालो. मग म्हणालो, लिही.
'परिच्छेद चौदा मला तोंडपाठ आहे.'
त्याने 'तोंडपाठ' खोडून 'स्मरणात' केलं.

जिना उतरताना, दुसऱ्या वळणावर,
मनात आलंच:
पण मग त्या सहा बाटल्या गेल्या कुठे?